‘मूलादे’ घर फोडतो म्हणे!

भाचीच्या कॉलेजात उस्मान सेम्बेन यांचा ‘मूलादे’ (2004) हा मुलींचं जननेंद्रिय कापण्याच्या प्रथेवरचा सिनेमा दाखवणार आहेत. त्याआधीच ताईच्या फोनवर एक फिरता मेसेज येऊन थडकला आणि तिने पोरीला जायला मनाई केली. मेसेज म्हणतो : गोऱ्यांनी आफ्रिकेला बदनाम करायला काढलेला सिनेमा आहे, त्यातली हट्टी बाई परंपरा मोडते नि घर फोडते, फ्रान्सहून परतलेला मुलगा गावाला शहाणं करतो, आणि असलं काही आपल्याकडे नसतंच. लिहिणाऱ्याने सिनेमा पाहिलेलाच नाही.

गोऱ्यांनी काढला? सेम्बेन सेनेगलचे, 1923 साली झिगिंशोरला जन्मलेले. चित्रीकरण बुर्किना फासोच्या खेड्यात. नायिका फातुमाता कुलिबाली मालीची, स्वतः या प्रथेविरुद्ध उभी राहिलेली. निर्मितीत फ्रेंच पैसा होता, हे मान्य. पण सेनेगल, मोरोक्को, ट्युनिशियाही होते.

आता ‘घर फोडणारी बाई’. हे वाचून माझं डोकंच फिरलं. मुलींचं जननेंद्रिय कापण्याच्या विधीतून चार पोरी पळतात आणि नायिका कोले हिच्या अंगणात शिरतात. ती दारात रंगीत दोरी आडवी बांधते. ते मूलादे, शरण आलेल्याला दिलेलं अभय. ही रीत गावाचीच, जुनी. म्हणून तर चिडलेली माणसंसुद्धा ती दोरी ओलांडायला धजत नाहीत. मग परंपरा मोडतंय कोण? अभय मागे घेण्याचा शब्द कोलेच्याच तोंडून यायला हवा, म्हणून मोठा दीर तिच्या नवऱ्याला चिथावतो. नवरा भर गावात बायकोला चाबकाने फोडून काढतो. तिच्या तोंडून तो शब्द निघत नाही. घर फुटलंच असेल तर त्या चाबकाने फुटलं. ती का अडली, हेही सिनेमात आहे : दोन मुलं बाळंतपणात गेली, तिसरी पोट फाडून काढावी लागली. तो व्रण ती दाखवते. जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते की या कापण्याचा आरोग्याला काहीही फायदा नाही. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, बाळंतपणातली गुंतागुंत मात्र होते. ज्या आईला हा मेसेज पटतो, तिने आधी तेवढं वाचावं.

गावप्रमुखाचा फ्रान्सहून आलेला मुलगा बापाला जुमानत नाही, एवढं खरं. पण कापणाऱ्या बायकांच्या हातातल्या सुऱ्या हिसकावून आगीत टाकतात त्या गावातल्या बायका.

राहिलं ‘आपल्याकडे नसतं’. मुंबईत दाऊदी बोहरा समाजातल्या बायकांनीच मुलींच्या खतन्याविषयी, म्हणजे याच कापण्याविषयी, उघडपणे बोलायला सुरुवात केली. 2017 साली त्यावर बंदीची मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली आणि 2018 मध्ये प्रकरण घटनापीठाकडे गेलं. आपल्याकडे नसतं, तर न्यायालय कशावर सुनावणी करत होतं?