क्रूड चढलं म्हणून ‘तेलाचा’ शेअर घेताय? जरा थांबा

क्रूड, म्हणजे कच्चं तेल, सलग दोन दिवस चढलं की ग्रुपवर मेसेज पडतोच, "ऑइलवाले शेअर उचला, पळणार आता." मीही एकदा उचलला होता. कंपनी रिफायनरीची. क्रूड चढत गेलं आणि माझा शेअर घसरत गेला. नावात पेट्रोलियम दिसलं, पैसे टाकले. ही कंपनी क्रूड विकते की विकत घेते, एवढा साधा प्रश्न डोक्यात आला नाही. रिफायनरीचा तो कच्चा माल. तो महागला आणि पेट्रोल-डिझेलचे भाव त्या मानाने वाढले नाहीत, तर मार्जिन मधल्या मध्ये चेपलं जातं. विहिरीवाल्या कंपनीचं उलट. तेल काढायचा खर्च जवळपास तोच राहतो, वरचा पैसा नफ्यात जातो.

भावाचंही आपण चुकीचंच धरून चालतो. जग रोज साधारण १० कोटी बॅरल तेल वापरतं. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. पण भाव ठरतो तो शेवटच्या दहा-वीस लाख बॅरलवर. महागलं म्हणून उद्यापासून कुणी कामावर जायचं सोडत नाही, आणि समुद्रातलं नवं क्षेत्र सुरू व्हायला कित्येक वर्षं जातात. दोन्ही बाजू ताठ, मग सगळा ताण भावावर येतो. २०१४ बघा. अमेरिकेत शेल नावाच्या खडकातून काढलेलं तेल बाजारात ओतलं जात होतं, आणि नोव्हेंबरमध्ये ओपेकने, म्हणजे तेल निर्यातदार देशांच्या संघटनेने, उत्पादन कमी करायला नकार दिला. जूनमध्ये ११५ डॉलरच्या आसपास असलेलं ब्रेंट (उत्तर समुद्रातलं क्रूड, जगभर भावासाठी हेच धरतात) जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली. या काळात जगाचा वापर घटला नव्हता बरं का, वाढलाच होता. पुरवठा थोडा जास्त झाला, एवढंच.

आणि २० एप्रिल २०२०. त्या दिवशी अमेरिकी क्रूडचा मे महिन्याचा वायदा (आज भाव ठरवून तेल पुढे घ्यायचा करार) उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. उणे! लॉकडाउनमुळे मागणी कोसळली होती हे खरंच, पण अडकलं होतं ते ओक्लाहोमातल्या कुशिंग गावात. या वायद्याची डिलिव्हरी तिथे होते, एका वायद्यामागे १००० बॅरल. दुसऱ्या दिवशी वायदा संपणार, आणि तिथल्या टाक्या भरलेल्या नाहीतर आधीच बुक झालेल्या. ज्यांनी आयुष्यात तेलाचा थेंब हाताळला नव्हता, त्यांच्या गळ्यात हजार-हजार बॅरल पडायची वेळ आली. मग ‘तेल घ्या आणि वर पैसेही घ्या’. त्याच दिवशी त्याच तेलाचा जूनचा वायदा २० डॉलरच्या आसपास होता आणि ब्रेंट २५ च्या. ‘तेल फुकट झालं’ म्हणणाऱ्यांनी ही ओळ वाचलीच नव्हती.

म्हणून हल्ली मी आजचा भाव सोडून पुढच्या वर्षाच्या वायद्याकडे आधी बघतो. सप्टेंबर २०१९ मध्ये सौदीतल्या अबकैक या तेलप्रक्रिया केंद्रावर हल्ला झाला आणि रोजचं ५७ लाख बॅरल उत्पादन एका फटक्यात बंद पडलं. सोमवारी ब्रेंट जवळपास १५ टक्के उसळलं, आणि महिना संपेपर्यंत सगळी उसळी विरली. त्या सोमवारी घाईने शेअर घेणाऱ्यांनी भीती विकत घेतली होती. तेल काढणाऱ्या कंपनीची किंमत ती पुढची दहा-पंधरा वर्षं काय विकणार यावर असते. एका आठवड्याच्या आगीने त्यात फारसा फरक पडत नाही.

बाजाराचा मूड मात्र किती टोकं गाठतो! १९२८ पासून डाऊ जोन्स या अमेरिकी शेअर निर्देशांकात असलेल्या एक्सॉन या तेल कंपनीला ऑगस्ट २०२० मध्ये बाहेर काढलं. त्या वर्षी तोटा २२.४ अब्ज डॉलर. दोनच वर्षांनी, २०२२ मध्ये, नफा ५५.७ अब्ज. मधल्या काळात नव्या विहिरींवरचा खर्च सगळ्यांनीच आखडला होता, त्यामुळे मागणी परतली तेव्हा पुरवठा तोकडा पडला आणि पुढे युक्रेनच्या युद्धाने त्यात भर घातली.

माझा तो रिफायनरीचा शेअर मी तोट्यात काढला आणि ‘क्रूड महाग तर रिफायनरी नको’ असा नियमच करून टाकला. मग २०२२ मध्ये क्रूड शंभरीपार गेलं आणि रिफायनऱ्यांनीही खोऱ्याने पैसा ओढला, कारण टंचाई क्रूडपेक्षा डिझेलची जास्त होती. ग्रुपवर तेव्हाही मेसेज आलाच होता. मी तो वाचलासुद्धा नाही.