घरी बसलेल्या बाईचं उत्तर

नमस्कार. नाव दिलं नाहीत, म्हणून नुसतं 'ताई' म्हणते. ताई नसून दादा असाल तरी चालेल, उत्तर तेच राहील.

'आई घरात हवी' या माझ्या लेखावर तुम्ही काय लिहिलंत ते इतरांसाठी थोडक्यात सांगते. शिकलेली बाई नोकरी सोडून घरी बसली की तिचं शिक्षण वाया जातं. मी 'परंपरा' म्हणून जे मिरवते ते मध्यमवर्गी चोचले आहेत, कष्टकरी बायका घरात कधी बसल्याच नाहीत. नवऱ्याला 'अहो' म्हणण्यापासून श्रावण पाळण्यापर्यंत सगळं मागासलेलं. उद्या नवऱ्याला काही झालं तर काय? मुलीसमोर मी काय ठेवते आहे? आणि शेवटची ओळ जशीच्या तशी: 'तुमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या काकूंची मुलं कोणाकडे असतात हो?'

चार दिवस लागले, कारण पहिल्या दिवशी लिहिलं ते रागाने लिहिलं होतं, ते पुसलं. मधले दोन दिवस चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात गेले. (हो, करते. आंबेडाळ, पन्हं, ओल्या हरभऱ्यांची ओटी, आणि मुलुंड पूर्वेच्या वन बीएचकेत पस्तीस बायका.)

शिक्षण वाया गेल्याचं आधी उरकते. बी.कॉम. झाले, नऊ वर्षं फोर्टात एका बँकेत नोकरी केली, आयकर भरला. आता सोसायटीचे हिशेब फुकट बघते. गेल्या वर्षी टाकी दुरुस्तीच्या बिलात एकच मजुरी दोनदा लावलेली मीच पकडली. वाया गेलेलं शिक्षण अजून बेरीज-वजाबाकी करतं.

'अहो'बद्दल तक्रार असेल तर ती माझी आहे, तुमची नाही. दादरला गर्दीत हे पुढे निघून गेले आणि मी 'अहो' म्हणून ओरडले, तर पुलावरचे दहा-बारा पुरुष वळले, हे सोडून. तरीही म्हणणार. मला त्यात कमीपणा वाटत नाही, आणि हे मला 'अगं' म्हणतात त्यातही वाटत नाही. दिवेलागणीला देवाजवळ दिवा लागतो, तो आठवड्याचे तीन दिवस मुलगा लावतो. जेवताना फोन नाही. श्रावणात अंडं नाही. सासूबाई आमच्याबरोबर राहतात असं लोक म्हणतात. खरं म्हणजे आम्ही त्यांच्याबरोबर राहतो, घर त्यांचं आहे. हे तुम्हाला जुनाट वाटलं तर वाटू दे, त्यासाठी मी वाद घालणार नाही.

कष्टकरी बायका घरात बसल्या नाहीत, हे मात्र तुम्ही अगदी योग्य माणसाला सांगितलंत. माझी आईची आई लालबागला चाळीत खाणावळ चालवायची. दहा बाय बाराची खोली, आणि बावीस गिरणी कामगार दोन वेळ जेवायचे. बहुतेक कोकणातले, काही साताऱ्याकडचे, बायकामुलं गावाला. गिरणीत तीन पाळ्या, म्हणजे आजीच्या चुलीलाही तीन पाळ्या. वाणी उधारीवर माल द्यायचा, कामगारांचा पगार झाला की आजीचे पैसे, मग वाण्याचे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि अशा खाणावळवाल्या बायकांना बँकेची कर्जं मिळवून दिली. आजीच्या ओळखीतल्या दोघींनी घेतलं. आजीला कागदावर अंगठा द्यायची भीती वाटली, ती वाण्याकडेच राहिली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. महिना, दोन महिने, मग एकेक जण गावाला निघून गेला. 'वहिनी, आल्यावर देतो' म्हणून गेलेल्यांतले फार थोडे आले. वाण्याची उधारी फेडायला आजीच्या पाटल्या गेल्या.

आता यात आजी घरात होती की कामावर? तिला हा प्रश्न विचारला असता तर तिने लाटणं दाखवलं असतं. चोचल्यांचं म्हणाल तर कबूल. मी चार माणसांचा आणि सासूबाईंचा स्वयंपाक करते आणि दुपारी वर्तमानपत्र वाचते, हे आजीच्या मानाने चोचलेच आहेत. पण ते तिनेच माझ्यासाठी मागितले होते. नातीला घरच्यापुरतीच ताटं वाढायला लागोत, असा तिचा आशीर्वाद असायचा. तो मला मिळाला, त्याची लाज का वाटून घेऊ?

आणि घरकामाचा वाटा नवरे उचलायला लागलेत असं जे तुम्ही मधेच टाकलंत, त्यावर एक आकडा. सरकारची वेळेच्या वापराची पाहणी २०१९ मध्ये झाली. घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होते, आणि जे पुरुष घरकाम करत होते त्यांचे ९७. २०२४ च्या पाहणीत बायकांचे २८९ झाले. पुरुषांचे ८८. म्हणजे दहा मिनिटं आमची कमी झाली तशी नऊ त्यांचीही झाली. मिक्सर-वॉशिंग मशीनने उचलला असेल वाटा, नवऱ्यांनी उचललेला दिसत नाही.

नवऱ्याला काही झालं तर, हा प्रश्न तुम्ही टोमण्यासारखा विचारलात, पण प्रश्न बरोबर आहे आणि माझ्यासारख्या बायका तो टाळतात. मी नाही टाळला, बँकेतल्या नऊ वर्षांमुळे. तिथे काउंटरवर नवरा गेल्यावर पासबुक घेऊन आलेल्या बायका बघितल्यात, ज्यांना खातं किती आणि कर्ज किती तेही ठाऊक नसायचं. म्हणून राजीनामा देण्याच्या आधी यांना समोर बसवलं. यांचा मुदत विमा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली काढला. तो फॉर्म पॉलिसी घेतानाच भरावा लागतो, नंतर सुचून उपयोग नाही. तसं केलं की ती रक्कम बायको-मुलांची ठरते, नवऱ्याला कर्ज दिलेल्यांना त्यावर हात टाकता येत नाही. माझ्या नावाने वेगळं पीपीएफ, त्यात हे दरवर्षी पैसे भरतात. हे मी मागितलं नाही, ठरवून घेतलं. 'संसारात हिशेब कसला' असं म्हणणाऱ्या काकवा-माम्या मला खूप भेटल्या. मी जुन्या वळणाची आहे, आंधळी नाही. घरी राहायचं ठरवलेल्या बाईने आधी कागद बघावेत आणि मग पाळणा, एवढं मी लेखात लिहायला हवं होतं. राहिलं.

बाय द वे, गृहिणीच्या कामाची किंमत सुप्रीम कोर्टानेही लावलेली आहे. जमशेदपूरला १९८९ मध्ये एका समारंभात आग लागून माणसं गेली, त्या भरपाईच्या खटल्यात २००१ मध्ये गृहिणींच्या सेवेची किंमत महिना ३,००० रुपये धरली होती. निकाल वाचताना एकच वाटलं, की आमचा पगार आम्ही मेल्यावर ठरतो.

नोकरी का सोडली ते लेखात नव्हतं, इथे लिहिते. मुलगा अडीच वर्षांचा होता, पाळणाघरात. जुलैतला एक दिवस, दुपारी चारला फोन आला की ताप चढलाय. फोर्टातून निघाले, तोवर रुळांवर पाणी. गाड्या बंद. भायखळ्यापर्यंत चालत, मग एक टॅक्सी, ती शीवला बंद पडली, पुढे कमरेला साडी खोचून चालत, मग बस. पाळणाघरात पोहोचले तेव्हा रात्रीचे साडेनऊ. तुम्हाला वाटेल आता पाळणाघराच्या नावाने रडेन. नाही. त्या बाईंनी औषध दिलं होतं, कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या, मुलगा त्यांच्या मांडीवर शांत झोपला होता. आतल्या खोलीत त्यांची स्वतःची दोन मुलं पुढ्यात रिकामी ताटं घेऊन बसली होती. मांडीवरचं मूल उठेल म्हणून त्यांना उठता येत नव्हतं, आणि त्यांचा नवरा दुकानावर.

ती ताटं माझ्या डोळ्यांसमोरून गेली नाहीत. मी घरी नसले की माझ्या घरातली जागा रिकामी राहत नाही, दुसरी कोणीतरी बाई तिची जागा सोडून माझ्या जागेवर येते. पुढच्या वर्षी राजीनामा दिला.

आणि इथेच तुमची शेवटची ओळ मला पकडते, कारण आमच्या पोळ्यावाल्या काकू त्याच हिशेबात येतात. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंचा खुबा मोडला तेव्हा त्यांना लावलं. सासूबाई काठी घेऊन चालायला लागल्या, काकू राहिल्या. का, तर मला बरं वाटतं. कणिक मळून माझं मनगट दुखतं, हेही खरं, पण ते दुसरं कारण.

त्या भांडुपच्या टेकडीवरून येतात. त्यांची धाकटी कोणाकडे असते हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षांत चहा दिला, भरपगारी सुट्या दिल्या, दिवाळीला एक पगार जास्तीचा दिला, आणि हे विचारलं नव्हतं. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर विचारलं. शेजारणीकडे असते, तिला महिना हजार रुपये द्यावे लागतात. मग मी जरा भीतभीतच म्हटलं, काकू, घरी राहता आलं असतं तर आवडलं असतं का? तवा पुसत म्हणाल्या, "पोरीजवळ राहायला कोणाला नको असतं वहिनी? पन घरात बसले तर मालक दहा रुपयांचा हिशेब मागंल. आता मी त्याला मागते." आणि हसल्या.

मी काय बोलणार. माझं पीपीएफ आणि त्यांचा हिशेब ही एकच गोष्ट आहे, एवढं माझ्या डोक्यात त्या जिना उतरून गेल्यावर शिरलं. त्यांच्याकडे फॉर्म भरून देणारा नवरा नाही, म्हणून त्या पाच घरच्या पोळ्या लाटतात. 'आई घरी नसली की मुलं बिघडतात' हे माझ्या लेखातलं वाक्य मी मागे घेते. ते खोटं आहे आणि काकूंच्या पोळ्या खाऊन लिहिलेलं आहे. लहान मूल पहिली दोन-तीन वर्षं घरच्या माणसाच्या अंगावर वाढावं, हे अजून वाटतं, आणि ते माणूस आई असेल तर उत्तम, हेही. २०१७ पासून कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवडे पगारी रजा आहे, पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर हवं असंही कायदा सांगतो. पोळ्या लाटणारीला सव्वीस आठवडे कोण देणार? तिला पाच घरांतल्या माझ्यासारख्या पाच जणी. शेजारणीच्या हजारातले आमच्या वाट्याचे दोनशे मी या महिन्यापासून पगारात घातलेत. बाकी चौघींशी बोलायचंय, त्यातली एक माझं ऐकून घेणार नाही, हे आत्ताच माहीत आहे.

राहिली मुलगी. पाचवीत आहे. तुमची प्रतिक्रिया सासूबाईंना वाचून दाखवत होते तेव्हा ती ऐकत होती. तिने जाहीर केलं की ती विमानतळावर नोकरी करणार. मी म्हटलं कर, आधी स्वतःचं खातं, मग बाकीचं. मग म्हणाली, "आणि माझी मुलं तू सांभाळ. तू घरीच असतेस ना."

सासूबाई खो-खो हसल्या. मी 'बरं' म्हणून गेले. रात्री मटकी भिजत घालताना लक्षात आलं, की मला न विचारता माझी पुढची पाळीही लागली. उद्या तिला सांगणार आहे की पगार लागेल. किती, ते अजून ठरलेलं नाही. तीन हजारांत होणार नाही.