काठावर टाकली म्हणजे काढली नव्हे

तीन रविवार कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून, दाताळ्याने ओढून ओढून जी जलपर्णी आम्ही काठावर आणली होती, ती काल रात्रीच्या एका पावसाने परत तळ्यात नेऊन ठेवली. सकाळी जाऊन पाहतो तर ढिगाचा पाण्याकडचा अर्धा भाग घसरून गेलेला आणि त्यातली रोपे काही घडलेच नाही अशा थाटात तरंगत असलेली. त्यातले एक उचलून पाहिले. पाने करपली होती, देठाचा फुगा चेपला होता, पण मुळांच्या काळ्या झुपक्याच्या वर एक हिरवागार फुटवा डोके काढून बसला होता.

ढीग पाण्यापासून हातभर अंतरावर रचण्याची बुद्धी आमची नव्हे. देखरेखीला नेमलेल्या गृहस्थांनी सांगितले होते की आधी इथेच निथळू द्या, वजन उतरले की गाडी बोलावू. निथळू द्यावे हे खरेच आहे, कारण या वनस्पतीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते आणि ती ओली वाहून नेणे म्हणजे भाडे देऊन पाणी वाहणे. पण त्यासाठी नेमका तळ्याकडे कललेला उतारच का निवडावा? चार पावले वर सपाट जागा होती. तिथे म्हणे त्यांची मोटार उभी राहते. गाडी पहिल्या रविवारनंतर येणार होती, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. आज फोनवर मी जरा आवाज चढवला तेव्हा ते अत्यंत शांतपणे म्हणाले, ‘‘पण फोटो तर काढून झालेत ना?’’ झालेत. फोटोत तळे स्वच्छ आहे, नोंदवहीतही आहे. जलपर्णीला तेवढे कळवायचे राहून गेले.

वर त्यांनी सल्लाही दिला, की एवढे कष्ट घेण्यापेक्षा एकदा तणनाशक फवारून मोकळे व्हावे. मोकळे कोण होणार? मेलेली जलपर्णी जागीच बुडून कुजते, कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते, मासे पोट वर करून तरंगू लागतात, आणि तिने शोषलेले नत्र-स्फुरद पुन्हा पाण्यात उतरून पुढच्या पिढीचे खत होते. ती पिढी तळाशी तयारच असते, कारण गाळातले बी १५ ते २० वर्षेसुद्धा जिवंत राहू शकते.

गेल्या वर्षीचे ते कापणी यंत्रही मी विसरलेलो नाही. त्याने सगळे बारीक चिरले, गोळा काहीच केले नाही, आणि पृष्ठभागाखाली वाढणाऱ्या हायड्रिला या दुसऱ्या पाणवनस्पतीचे तर भलेच केले. तिच्या तुकड्यावर एक पेरे शिल्लक असले तरी नवे रोप उभे राहते. तुकडे अडवायला तरंगता दोर बांधा म्हणून आम्ही घसा कोरडा केला, तर दोर आला यंत्र परत गेल्यानंतर.

जलपर्णी खाणारे सोंडे भुंगे सोडा, असे सांगणाऱ्यांशी माझे वैर नाही. निओचेटिना जातीचे हे भुंगे फ्लोरिडात १९७२ पासून सोडले गेले आणि व्हिक्टोरिया सरोवरातही त्यांनी मोठे काम केले. मात्र त्यांना काही वर्षे लागतात. आमच्याकडे भुंगे सोडून महिना झाला नाही तोच एका उत्साही गटाने तो कोपरा साफ करून भुंग्यांसकट ढिगावर टाकला. जलपर्णीच्या टोपल्या विणून प्रश्न सुटेल असे म्हणणाऱ्यांवर मात्र मी मनापासून चिडतो. अनुकूल हवेत दोन आठवड्यांत दुप्पट पसरणाऱ्या वनस्पतीपुढे टोपल्या विणणार तरी किती?

आणि एवढे सगळे करून वरच्या तोंडाला ते सांडपाण्याचे नळकांडे सुरूच आहे. त्याविषयी बोलले की सगळ्यांना घड्याळ दिसते.

इतका संताप लिहून झाल्यावर एक कबुली देणे भाग आहे. फार वर्षांपूर्वी त्या जांभळ्या फुलांना भुलून मी स्वतः एक रोप घरच्या टबात वाढवले होते. टब भरल्यावर जास्तीची मूठभर रोपे फेकून देणे जिवावर आले, म्हणून मी ती मोठ्या प्रेमाने ‘निसर्गात’ सोडली. हा निसर्ग नेमका कोणत्या तळ्याचा होता, हे मी आमच्या गटाला अजून सांगितलेले नाही.

येत्या रविवारी पुन्हा तेच दाताळे आणि तेच पाणी. या वेळी मी घरून खुंट्या आणि हातोडी नेणार आहे; सपाट जागेवर ढिगाची हद्द पहाटेच आखून ठेवीन, आणि मोटार कुठे लावायची ते त्या गृहस्थांनी बघावे.