पळाला तर आपला

आमच्या गच्चीत वांगी कमी आणि सल्ले जास्त पिकतात. यंदा निमित्त झालं पिठ्या ढेकणाचं, म्हणजे झाडांना लागणाऱ्या पांढऱ्या, पीठ माखल्यासारख्या किडीचं. पपईवरचा हा पिठ्या मूळचा मेक्सिकोकडचा. भारतात २००८ साली कोईमतूरला सापडला, आणि पपईवर भागेना म्हणून वांगी, भेंडी, जास्वंद, दिसेल त्याला लागला. पुण्यात भाड्याचं घर शोधताना आम्हाला घरमालकांपुढे मूळ गावापासून आहारापर्यंत सगळं सांगावं लागलं होतं. याला कुणी डिपॉझिटसुद्धा मागितलं नाही.

मादीला पंख नसतात, तरी तिची पिल्लावळ या कुंडीतून त्या कुंडीत पोचते. मुंग्या आहेत ना! पिठ्या झाडाचा रस पिऊन गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो चाटतात आणि त्या बदल्यात त्याची राखण करतात, पिल्लं उचलून कोवळ्या शेंड्यावर नेऊन ठेवतात. आम्हाला पाळणाघराची फी परवडत नाही.

खालच्या काकूंनी आंबट ताक सुचवलं, समोरच्या काकांनी तंबाखूचं पाणी, सेक्रेटरींनी झाडं उपटणं. पण पिठ्याच्या अंगावर मेणाचा थर असतो. वरवर मारलेला फवारा त्यावरून घरंगळतो आणि थेट काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवर जातो. साबणाचं पाणी जरा तरी भिडतं, तेही पानामागे आणि बेचक्यात नेम धरून मारलं तर.

शेवटी फवारे बंद करून क्रिप्टोलेमस नावाचे भुंगेरे मागवले. काळपट अंग, नारिंगी डोकं. हेही परदेशीच, १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणलेले. पिठ्या खाण्यात पटाईत. अडचण एकच, यांच्या अळ्या दिसतात हुबेहूब पिठ्यासारख्या. तीच पांढरी झालर, फक्त अंगानं थोराड. त्यामुळे सकाळी सासूबाई जुना टूथब्रश घेऊन गच्चीत गेल्या की माझा जीव टांगणीला.

"आई, थांबा! तो आपला आहे."

"आपला कुठला? हा तर त्यांचा आजोबा दिसतोय."

"ढोसून बघा. पळाला तर आपला, बसून राहिला तर त्यांचा."

त्यांनी ब्रशच्या टोकानं ढोसलं. तो लगबगीनं पानामागे पळाला. सासूबाईंनी मान डोलावली, मग खुर्चीत दुसरा चहा घेत बसलेल्या आपल्या लेकाकडे ब्रश रोखला.

"मग या हिशेबानं हा कुणाचा गं?"