‘मला सहा तास पुरतात’

हे वाक्य छाती ठोकून म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. ते खोटं बोलतात असं नाही. झोप पुरली की नाही हे ठरवणारा मेंदूचा भागच आधी ढेपाळतो.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण प्राणवायू खातो सुमारे २० टक्के. अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेच्या संशोधकांनी १७ निरोगी माणसांना २४ तास जागं ठेवून मेंदूचे ‘पेट’ (PET) स्कॅन केले, म्हणजे कुठला भाग किती ग्लुकोज वापरतो ते पाहिलं. निष्कर्ष २००० साली छापून आले. मेंदूचा ग्लुकोजचा वापर एकूणच घटला होता आणि जास्त फटका बसला होता थॅलॅमसला नि कपाळामागच्या भागाला. एक लक्ष टिकवतो, दुसरा निर्णय घेतो. जागरणानं मेंदूच्या नसा, म्हणजे रक्तवाहिन्या, आखडतात आणि रक्त कमी पोचतं, असं व्हॉट्सॲपवर फिरतं. पण यामागचं कारण ते नव्हे. पेशींचं काम मंदावलं की रक्ताची मागणीच उतरते. उलट नसा आखडवते ती कॉफी! २५० मिलिग्रॅम कॅफिननं मेंदूचा रक्तप्रवाह साधारण पाव हिश्श्यानं घटतो, तरी तरतरी येते, कारण झोप आणणाऱ्या ॲडेनोसिनची जागा कॅफिन अडवून बसतं. तेव्हा सगळं खापर रक्तावर फोडू नका.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा २००३ चा प्रयोग मला जास्त भीतिदायक वाटतो. त्यात लोकांना १४ दिवस रोज ठरावीक तासच झोपू दिलं. चाचणी अगदी साधी: पडद्यावर आकडे पळू लागले की बटण दाबायचं, सलग १० मिनिटं. अर्ध्या सेकंदाहून उशीर झाला की ती चूक. रोज ६ तास झोपणाऱ्यांच्या चुका चौदाव्या दिवसापर्यंत अख्खी रात्र जागलेल्या माणसाइतक्या झाल्या. पण ‘झोप येतेय का?’ या प्रश्नाचं त्यांचं उत्तर पहिल्या काही दिवसांनंतर फारसं बदललंच नाही.

आता हेच समृद्धी महामार्गावर आणा. ताशी १२० च्या वेगात अर्धा सेकंद म्हणजे १६-१७ मीटर, तीन सेकंद डोळा लागला तर १०० मीटर. पहाटे ५ ला उठून, दिवसभर काम उरकून रात्री १० ला गाडी काढली, तर तुम्ही १७ तास जागे आहात. या टप्प्याला हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा बिघडतो, हे १९९७ मध्येच दाखवलं गेलंय. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. नाकाबंदीतल्या यंत्रात मात्र झोप दिसत नाही.

काच खाली करणं, गाणी मोठ्यानं लावणं यानं थोडा वेळ निघतो, बस्स. त्यापेक्षा गाडी महामार्गावरच्या थांब्यावर घ्या, रस्त्याकडेच्या पट्टीवर (शोल्डरला) नको. कडक कॉफी प्या (चहा असेल तर दोन-तीन कप, कटिंगनं भागत नाही) आणि लगेच २० मिनिटांचा गजर लावून सीट मागे टाका. कॅफिन चढायला साधारण अर्धा तास लागतो, तेवढ्यात डुलकी होऊन जाते. अर्ध्या तासाच्या पुढे झोपलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं जड होतं. गजर झाला की चावी फिरवू नका. थॅलॅमस पाचेक मिनिटांत जागा होतो, पण कपाळामागच्या भागात रक्त पूर्ववत व्हायला आणखी पंधराएक मिनिटं जातात. तेवढा वेळ खाली उतरून तोंड धुवा, टायर बघा, चार पावलं चाला.