मऊ पाठीचं कासव म्हणजे पिल्लू नव्हे: एका हरकतीला उत्तर

गोंदियाकडच्या एका वाचक भाऊंनी मागच्या लेखावर हरकत घेतली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "आमच्या बोडीत (शेताजवळच्या लहान तलावात) मऊ पाठीची आणि टणक पाठीची, अशी दोन्ही कासवं सापडतात. मऊ ते पिल्लू, वाढलं की पाठ टणक होते. तुम्ही उगाच दोन जाती केल्या. आणि कवच नखासारखं असतं हे तुम्हीच लिहिलंत. मग कडेला भोक पाडून तार बांधली तर त्याला काय दुखणार?"

भाऊ, आधी भोकाचं बोलू, कारण तिथे चूक माझी आहे. "कवच नखासारख्या केराटिनचं असतं" हे माझं वाक्य अर्धवट होतं आणि त्यातून तुम्ही काढलेला अर्थ कासवाच्या जिवावर बेतणारा आहे. मूळ लेखात ते मी दुरुस्त केलं आहे. केराटिन म्हणजे टणक पाठीवरच्या त्या चौकटी, फक्त वरचा पातळ थर. त्याखाली जिवंत हाड आहे, त्यात रक्त खेळतं, नसा आहेत. तलावाच्या पाळीवर कधी रिकामं कवच सापडलं तर उलटं करून आत बघा. मधोमध पाठीचा कणा छताला पक्का जडलेला दिसेल आणि आढ्यापासून वासे निघावेत तशा दोन्ही बाजूंना बरगड्या, रुंद होऊन एकमेकींत सांधलेल्या. म्हणून "कासव कवच सोडून निघून गेलं" असं कधी होत नाही. कवच रिकामं आहे म्हणजे कासव मेलेलं आहे.

त्या चौकटी मोजण्यासारख्या आहेत. मधल्या ओळीत 5, तिच्या दोन्ही अंगांना 4-4, आणि कडेने लहान चौकटींची माळ. खालच्या हाडांचे सांधे या चौकटींच्या रेघांखाली येत नाहीत, बाजूला सरकलेले असतात. गवंडी विटांचा सांधा सांध्यावर येऊ देत नाही, तसंच. मजबुती त्यातूनच येते.

तार बांधायला कडेच्या चौकटीत गिरमिट घातलं की ते हाडातच शिरतं. रक्त येतं, भोकात चिखल बसतो, जखम सडते आणि सड हाडात उतरते. त्याहून वाईट म्हणजे तार पाणवनस्पतीत किंवा मुळीत अडकते. कासवाला फुप्फुसं आहेत, श्वासासाठी त्याला वर यावंच लागतं. अडकलेलं कासव पाण्यातच गुदमरून मरतं.

याच कारणाने चिखलणीच्या दिवसांत रोटाव्हेटरखाली किंवा उन्हाळ्यात बोडीचा गाळ काढताना जेसीबीच्या दातांनी पाठ फुटलेल्या कासवाला पाण्यात परत सोडू नका. फुप्फुसं पाठीच्या हाडाला लागूनच असतात. भेग खोल असेल तर पाणी थेट आत जातं. भेगेत हळद, चुना, फेविक्विक काहीही भरू नका. घाण आत कोंडते आणि डॉक्टरला ते खरवडून काढावं लागतं. उकळून थंड केलेल्या पाण्याने वरची माती हळूच धुवा, स्वच्छ कापड सैल झाकून घ्या, हवा जाईल अशा टोपल्यात ओलसर पोत्यावर सावलीत ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. खायला घालायची घाई नको. हाड जुळतं, पण त्याला महिने लागतात, कधी वर्षही.

आता पिल्लाचं. तुमच्या पाहण्यात एक गोष्ट खरी आहे: टणक पाठीच्या कासवाचं पिल्लूही सुरुवातीला अंगठ्याने दाबलं तर थोडं लवतं, कारण हाड पुरतं भरलेलं नसतं. पण त्या पिल्लाच्या पाठीवरही चौकटी पहिल्या दिवसापासून असतात. मऊ पाठीच्या कासवाला त्या जन्मभर येत नाहीत. त्याच्या हाडावर चामडं असतं, म्हातारं झालं तरी चामडंच.

आपल्या बोडीतलं मऊ पाठीचं ते बहुतेक, शास्त्रीय नावाने, लिसेमिस पंक्टाटा. टणक काळपट, पाठीवर लांबीने तीन उंच रेघा उठलेलं, ते मेलॅनोकेलिस ट्रायजुगा. दोघांचा गण एकच, टेस्ट्युडिनिस, आणि दोघंही मान सरळ मागे ओढून घेतात. पण कुळं वेगळी आहेत, आणि ती फाटल्याला 10 कोटींहून अधिक वर्षं झाली आहेत. बांध खणताना अंडी दिसली तर त्यातूनही कळेल: मऊवाल्याची मोठ्या गोटीसारखी गोल, काळ्याची लांबट.

सगळ्यात सोपी खूण पोटाकडे आहे. लिसेमिसचं पोट फिकट असतं आणि मागच्या पायांपाशी चामड्याची दोन झाकणं असतात. पाय आत घेतले की ती वर मिटतात. पुढचा भागही वर उचलला जातो आणि डोकं आत बंद होतं. नाक नळीसारखं पुढे आलेलं, म्हणून सगळं अंग गाळात रुतवून नुसतं नाक वर काढून ते बसू शकतं. काळ्याला यातलं काहीच नाही.

नखांचंही इथेच सांगतो, कारण गुप्तधनाच्या नादात "वीस नखी" कासवाचा धंदा आपल्याकडे चालतो. लिसेमिसला प्रत्येक पायाला 3, म्हणजे 12 नखं. काळ्याला साधारणपणे पुढच्या पायांना 5-5 आणि मागच्यांना 4-4, म्हणजे 18. एखाद्याच्या मागच्या पाचव्या बोटालाही नख आलं की 20 होतात. एखाद्या माणसाला सहावं बोट असतं, तसाच हा प्रकार. त्यासाठी कासव पकडून पोत्यात कोंबणं हा गुन्हा आहे. लिसेमिस तर वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे.

तुमच्या बोडीतल्या दोन्ही कासवांचे फोटो पाठवा, तिथेच उरलेला वाद मिटेल. रोवणीच्या वेळी बांधीत (धानाच्या वाफ्यात) कासव आपसूक दिसलं तरच फोटो काढा, मुद्दाम धरू नका. पाठीचा फोटो आहे तिथेच घ्या. पोटासाठी दोन्ही हातांनी कवचाच्या मागच्या अर्ध्या भागाला धरून अंग तिरपं करा, शेपटीला धरून उचलू नका. मऊवाल्याची मान लांब पोचते आणि चावा जोरात असतो, बोटं पुढे नेऊ नका. पूर्ण उताणं ठेवलं तर आतड्यांचा भार फुप्फुसांवर येतो, म्हणून फोटो निघाला की लगेच सरळ करून त्याच बांधीत सोडा.