टर्बो-फोकची महाराणी व्हायचंय? अगदी सोपं आहे!

टर्बो-फोक म्हणजे लोकगीतांच्या चाली आणि डिस्कोचा ठेका यांची खिचडी. गळा बरा, गाव लहान आणि हाव मोठी असं असेल तर सर्बियाच्या त्सेत्साबाईंचा कित्ता गिरवा. मूळ नाव स्वेतलाना वेलिच्कोविच. दक्षिण सर्बियातल्या झितोराजा या खेड्यात वाढल्या, 1988 मध्ये पंधराव्या वर्षी पहिला अल्बम आला. बाई गातात झकास, त्याबद्दल तक्रार नाही.

पण नुसत्या गळ्यावर विसंबू नका, काळ बघून गा. देशावर निर्बंध हवेत, शेजारी युद्ध हवं, महागाई अशी की 1993 मध्ये सरकारने 500 अब्ज दिनारची नोट छापावी. अशा वेळी लोकांना भाकरी देता येत नाही, झगमगाट देता येतो.

बातम्या बघू नका. आवाज बसतो.

आता मुख्य सूचना : नवरा. बाईंनी अर्कान निवडला. युरोपभर बँका लुटून झाल्यावर ज्याने 'टायगर्स' नावाची खासगी फौज काढली, तो. एप्रिल 1992 मध्ये बोस्नियातल्या बियेलिनात या फौजेने काय केलं त्याचा फोटो आहे. फुटपाथवर पडलेली माणसं, आणि त्यातल्या एका बाईला लाथ घालायला पाय मागे घेतलेला सैनिक. गॉगल डोक्यावर, हातात सिगारेट. हा फोटो जगाने पाहिला, आणि तरीही 19 फेब्रुवारी 1995 ला लग्न थाटात झालं! नवरदेव पहिल्या महायुद्धातल्या सर्बियन अधिकाऱ्याच्या गणवेशात. वधूच्या दारी रिवाजाप्रमाणे उंच टांगलेलं सफरचंद त्याने गोळी घालून पाडलं. टाळ्या! सगळं टीव्हीवर, मग त्याच्या कॅसेटी बाजारात. तेव्हा बोस्नियाची राजधानी सारायेव्होला सर्ब फौजांनी घातलेल्या वेढ्याला तीन वर्षं होत आली होती. तिथेही गोळ्या चालत होत्याच, फक्त सफरचंदांवर नाही.

नवरा हेगच्या युद्धगुन्हे न्यायालयाला हवा असेल तर काळजी नको. जानेवारी 2000 मध्ये बेलग्रेडच्या हॉटेलात त्यालाच कुणी गोळ्या घातल्या. खटला उभाच राहिला नाही.

अटकेला भिऊ नका. 2003 मध्ये सर्बियाचे पंतप्रधान जिंजिच यांच्या खुनानंतरच्या धरपकडीत बाई आत गेल्या, घरात शस्त्रं सापडली, चारेक महिन्यांनी सुटल्या. 2006 मध्ये बेलग्रेडच्या उश्चे मैदानात कार्यक्रम, गर्दी लाखावर. 2011 मध्ये शस्त्रांचा आणि फुटबॉल क्लबच्या पैशांचा गुन्हा कबूल. 15 लाख युरो दंड, आणि नजरकैद आपल्याच बंगल्यात.

हे सगळं आत्ता का? परवा एक मित्र बेलग्रेड फिरून आला. जेवणं झाल्यावर त्याने बाईंचं गाणं लावलं. मी नुसतं अर्कानचं नाव काढलं, तर म्हणतो, "तू ना, गाण्यातही राजकारण आणतोस!"

मी आणलं? लग्नात गणवेश घालून मी गेलो होतो?

गाणं ऐका हो, कोण नको म्हणतंय? पण 'कलाकाराकडे कलाकार म्हणून बघावं' हे मला शिकवू नका. त्यांनी ते लग्न कॅमेऱ्यासमोर मिरवलं, चोरून नाही केलं. तुम्हाला ठाऊक नव्हतं असंही नाही, ठाऊक करून घ्यायचं नव्हतं. इथे तरी काय करता? तडीपार भाईच्या वाढदिवसाला आवडती गायिका येणार म्हटलं की पहिला प्रश्न, "पास मिळतील का?" लाज नाही वाटत?